श्रावणात पिवळं पडलेलं लॉन आणि सड्यावरची माती

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही समजेल. गोव्यात परवरीला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, नवीन घर. समोर आणि उत्तरेच्या बाजूला मिळून शंभरेक चौरस मीटर लॉन. मे महिन्यात मेक्सिकन गवताच्या लाद्या आणून अंथरल्या, जूनभर दृष्ट लागावी असं हिरवं, आणि आता श्रावणात समोरचा भाग पिवळा पडलाय, उत्तरेकडे शेवाळ धरलंय, चालताना पाय रुततो. माळी दर पंधरा दिवसांनी युरिया टाकतोय. हे सगळं उखडून नवं लावायचं, की औषध मारून सुधारेल? आणि वर्षभर कधी काय करायचं?

युरिया आजच थांबवा, आणि गवत आत्ता उखडू नका. या पावसात माती उघडी केलीत तर ती गटारात जाईल. बाकीचं जरा सविस्तर सांगतो, कारण गोव्यातल्या नव्या घरांच्या बागांत मला हीच तक्रार सर्वांत जास्त भेटते आणि तिचं कारण गवतात क्वचितच असतं. पाणी कुठून येतं आणि कुठून बाहेर जातं, याचा विचार घर बांधताना राहून गेलेला असतो.

पाऊस थोडा उघडला की एक काम करा. पिवळ्या भागात धारदार सुरीने वीतभर लांब-रुंद चौकोन कापा, खुरप्याने खालून अलगद उचला आणि कडेने नीट पाहा. बहुतेक तुम्हाला तीन थर दिसतील. वर गवत. त्याच्याखाली दीड-दोन बोटं जाड, लाल, चिकट मातीची लादी; ही नर्सरीतूनच गवताबरोबर आली. तिच्याखाली बांधकामाच्या वेळी ठोकून बसवलेला मुरूम, त्यात चिऱ्याच्या कपच्या आणि सिमेंटचे गोळे. मुळं लादीच्या तळापर्यंत येऊन आडवी वळलेली असतील, मुरमात एखादंच उतरलं असेल. तो तुकडा नाकाजवळ धरा. नासक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे हवा पोचत नाही. निरोगी मूळ पांढरं असतं. कुजलेलं मूळ तपकिरी दिसतं, आणि दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल निघून येते, आतला बारीक दोरा तेवढा उरतो.

अशा मुळांना युरिया घालून काही मिळत नाही. हवा नसली की मूळ खत उचलू शकत नाही. बराचसा नत्र पावसाबरोबर वाहून व्हाळात, विहिरीत जातो, आणि जो थोडा पानात पोचतो त्याने पान लुसलुशीत होऊन बुरशीला आयतं सापडतं. पिवळेपणा वाढला म्हणून आणखी युरिया, त्याने आणखी बुरशी, असं ते चक्र चालू राहतं.

आता पाण्याचा हिशेब पाहा. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीच्या बाजूला त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे तुमच्या शंभर चौरस मीटर लॉनवर या चार महिन्यांत पावणेतीन लाख लिटरच्या घरात पाणी थेट आभाळातून पडतं. त्यात छपराचं पाणी मिळवा. घराचं छप्पर १२० चौरस मीटर धरलं, तर १०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात त्यावरून १२,००० लिटर पाणी उतरतं. जुलैत असे दिवस येतातच. तुमचे छपराचे पाइप कुठे उघडतात ते जाऊन बघा. बऱ्याच घरांत ते लॉनच्या कडेलाच सोडलेले असतात, आणि पलीकडे कंपाउंडच्या भिंतीला पाणी बाहेर पडायला एक भोकही ठेवलेलं नसतं. मग उत्तरेची ती सावलीतली पट्टी चार महिने ओली राहते आणि तिथे शेवाळ येतं. शेवाळ मारायला हिराकस (लोहाचं सल्फेट) शिंपडा असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. हिराकसाने शेवाळ काळं पडतं खरं, पण ओल आणि सावली तशीच राहिली तर ते परत येतं, आणि फरशीवर गंजाचे डाग पडतात ते वेगळेच. खुरप्याने हलकेच खरवडून काढलंत तरी तेवढंच काम होतं.

तर या महिन्यात करायचं ते एवढंच. छपराच्या पाइपांना पीव्हीसीचा जोड देऊन पाणी थेट गटारात किंवा शोषखड्ड्यात न्या. तात्पुरता जोडही चालेल. उत्तरेच्या भिंतीलगत वीतभर रुंद, दीड वीत खोल चर काढा, त्याला दहा मीटरला दहा सेंटिमीटर तरी उतार द्या आणि त्यात मोठी खडी भरा. भिंतीतून पाणी शेजाऱ्याच्या जागेत सोडायचं असेल तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. लॉनवर चालणं बंद करा, कारण ओली माती पायाखाली दबली की तिच्यातली उरलीसुरली पोकळीही जाते. गवत कापायचं ते चांगली उघडीप बघूनच, मशीनचं पातं धारदार करून, आणि उंची नेहमीपेक्षा बोटभर जास्त ठेवून. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. उन्हाळ्यात कापलेलं गवत तिथेच पडू दिलेलं चांगलं. या दिवसांत मात्र ते उचलून काढा, नाहीतर ओल्या थराखाली बुरशी धरते. सकाळी गवतावर पांढरे कापसासारखे तंतू किंवा गोल तपकिरी चट्टे दिसले, तर चट्ट्यावर आणि त्याच्या भोवती हातभर जागेत मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, पानं कोरडी असताना फवारा. सगळ्या लॉनवर दर आठवड्याला औषध मारत बसू नका. निचरा सुधारल्याशिवाय कुठलंही औषध टिकणार नाही.

मातीबद्दल जरा बोलू दे, कारण मला सर्वांत जास्त कळकळ तिचीच आहे. सड्यावरची आपली माती जांभ्याची. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातला चुना, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेलं आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून ती लाल आणि आम्ल. पीएच साधारण ५ ते ६च्या दरम्यान सापडतो. घातलेला स्फुरद (फॉस्फरस) ती लोहाशी बांधून ठेवते, झाडाला सहज देत नाही. झाडाच्या उपयोगाचं जे काही असतं ते वरच्या वीतभर काळपट थरात, म्हणजे कुजलेल्या पाल्यात आणि गांडुळांच्या विष्ठेत. पायाखोदाईच्या पहिल्याच दिवशी जेसीबी हाच थर खरवडून ट्रकात भरतो. खालचा उघडा पडलेला जांभा उन्हात वाळून घट्ट होतो आणि मग पावसातही पहिल्यासारखा मऊ होत नाही. घर बांधायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो: वरची माती एका कोपऱ्यात रचून, झाकून ठेवा. विकत आणलेल्या चार ट्रक तांबड्या मातीपेक्षा ती मोलाची आहे.

माती परीक्षण करून घ्या. त्यासाठी कृषी संचालनालयाच्या तुमच्या विभागीय कार्यालयात चौकशी करा; जुन्या गोव्याला भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीची संशोधन संस्था आहे, उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्रही तिथेच आहे. नमुना घेताना आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडून घ्या, एकत्र मिसळा, खडे काढा आणि सावलीत वाळवून अर्धा किलो द्या. खत किंवा चुना घातल्यावर लगेच नमुना घेऊ नका. पीएच ५.५च्या खाली आला तर चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम डोलोमाइट, म्हणजे तुमच्या लॉनला १० ते २० किलो. साध्या चुन्यापेक्षा डोलोमाइट बरं, कारण त्यातून मॅग्नेशियमही मिळतं. डोलोमाइट आणि युरिया एकत्र टाकू नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडून जातो. आणि सगळीकडे सरसकट डोलोमाइट नको. इक्झोराला आम्ल मातीच लागते. जोत्यालगत लावलेला इक्झोरा पिवळा पडतो तो तिथे पडलेल्या सिमेंटमुळे.

खरं काम चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर सुरू होतं. उत्तरा नक्षत्र लागलं, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून, पावसाचा जोर ओसरतो, माती अजून मऊ असते आणि ऊन परत येतं. गोव्यात नवं लॉन लावायचा माझ्या मते हाच काळ. मेमध्ये लाद्या अंथरल्या की महिनाभरात त्यांच्यावर मुसळधार पाऊस येतो आणि मुळं खाली जायच्या आतच कोंडतात. नर्सरीवाले मेमध्ये लावायला सांगतात, कारण पहिला महिना ते उत्तम दिसतं.

उत्तरेच्या पट्टीवरचा लॉनचा नाद सोडून द्या. तिथे दिवसाला चार तासही ऊन येत नसेल तर कुठलंही नाजूक गवत टिकणार नाही. नेफ्रोलेपिसचं फर्न, स्पायडर लिली, हेलिकोनिया, कर्दळ, भिंतीच्या बुडाशी अळू, ही सगळी पावसात आनंदाने वाढणारी मंडळी आहेत. वेडेलिया मात्र लावू नका, पिवळी फुलं कितीही छान दिसली तरी. ते पसरत कुंपणाबाहेर जातं आणि मग आवरत नाही.

समोरच्या भागात तो कापलेला तुकडा काय सांगतो यावर ठरवा. मुळं निम्मी तरी पांढरी असतील तर लॉन वाचतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बागेच्या काट्याने दर वीतभर अंतरावर आठ-दहा सेंटिमीटर खोल भोकं पाडा, काटा थोडा हलवून मगच बाहेर काढा, आणि वरून चाळलेलं कंपोस्ट चार मिलिमीटर थराने पसरून झाडूने भोकांत उतरवा. शंभर चौरस मीटरला ०.४ घनमीटर कंपोस्ट पुरतं. गवताचं टोक वर दिसत राहिलं पाहिजे. त्यानंतर, नवी पांढरी मुळं दिसू लागली की मग युरिया द्या, चौरस मीटरला ५ ग्रॅमच्या वर नको, आणि लगेच पाणी.

मुळं कुजलेलीच असतील तर तेवढा भाग काढा, पण नवी लादी त्याच मुरमावर घालू नका. पिकावाने वीत-सव्वा वीत खोल मुरूम फोडा, सिमेंटचे गोळे वेचा, चौरस मीटरला तीन-चार किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा, आणि घराकडून बाहेरच्या बाजूला मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार काढा. निचऱ्यासाठी समुद्राची वाळू आणू नका. तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुना असतो, आणि किनाऱ्यावरची वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे. गवत म्हणाल तर मी रुंद पानांचं कार्पेट ग्रास सुचवेन. मेक्सिकनइतकं ते रेशमी दिसत नाही, पण आम्ल माती, ओल आणि थोडी सावली ते सोसतं, आणि गोव्यात या तिन्ही गोष्टी आहेतच. लादी न घेता मुळांसकट ठोंब घ्या आणि चार बोटांच्या अंतरावर टोचून लावा. जमीन झाकायला दोन-तीन महिने लागतात, पण मूळ पहिल्या दिवसापासून तुमच्या मातीत असतं, मध्ये चिकणमातीचा थर येत नाही.

हे सगळं सड्यासाठी झालं. कुणी कोलव्याला किंवा कळंगुटला रेतीवर राहत असेल तर त्यांची अडचण उलटी: पाणी साचत नाही, खतही थांबत नाही. तिथे कंपोस्ट आणि सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, भुसा घालत राहणं आणि खत थोडं थोडं देणं एवढंच हातात आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला सीशोअर पास्पालम टिकतं. खाजनाला, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल शेतजमिनीला, लागून घर असेल तर उन्हाळ्यात खारेपणा वर येतो आणि पावसाने धुतला जातो, म्हणून तिथे लागवड पहिल्या पावसावर न करता जुलैच्या मध्यानंतर करावी. कोरगुट हे खारं सोसणारं भात पेरणारे शेतकरीसुद्धा आधी पावसाला मीठ धुऊ देतात.

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत बाग फारसं मागत नाही. वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामातली, भाजी करायची असेल तर तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची तेव्हा लावा. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करा, म्हणजे उन्हाळ्यात फुलं भरपूर येतात. मानकुराद आंब्याचं झाड असेल तर ऑक्टोबरपासून मोहोर येईपर्यंत त्याला पाणी देऊ नका.

उन्हाळ्यात शंभर चौरस मीटर लॉनला रोज सुमारे ५०० लिटर पाणी लागतं. सड्यावर राहून एप्रिल-मेमध्ये हे पाणी कुठून आणणार, याचा विचार लॉन किती ठेवायचं हे ठरवतानाच करा. मी तुमच्या जागी असतो तर बसण्यापुरतं चाळीस चौरस मीटर लॉन ठेवलं असतं आणि उरलेल्या जागेत झाडं लावली असती.

पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, खरेदी सुरू झाली की बागेचीही तयारी करायची. सावईवेऱ्याच्या बाजूला एखाद्या जुन्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) मे महिन्यात जाऊन या. सुपारीच्या ओळींमधले चर उपसून मोकळे केलेले दिसतील, आणि झाडांखाली उघडी माती जवळजवळ दिसणार नाही. सगळीकडे पाला, झावळ्या, सोडणं. पावसाचा मोठा थेंब उघड्या मातीवर आपटला की तिचे कण सुटे होतात, वरची भोकं बुजतात आणि पाणी आत न मुरता माती घेऊन धावतं. पाल्यावर पडला तर ते होत नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये गळलेला आंब्या-काजूचा, फणसाचा पाला जाळू नका. निम्मा झाडांखाली पसरा, खोडापासून वीतभर दूर, आणि निम्मा पोत्यांत भरून कोरडा ठेवा. पावसाळ्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा कंपोस्टात टाकताना प्रत्येक थरावर हा सुका पाला घातला की वास येत नाही, अळ्या होत नाहीत. कुंपणाला गिरिपुष्प लावलात तर हिरवा पालाही घरचाच मिळतो.

डोलोमाइट लागणार असेल तर ते एप्रिल अखेरीस, जमिनीत थोडी ओल असताना. मेच्या शेवटी लॉनला पोटॅश चौरस मीटरला ५ ग्रॅम, म्हणजे पावसाळ्यात गवत थोडं कणखर राहतं. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, खालच्या बशा काढून टाका. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. वाळलेल्या, घरावर झुकलेल्या फांद्या पावसाआधी उतरवा. अख्खं झाड तोडायचं तर वनखात्याची परवानगी लागते, माडालासुद्धा.

तुमच्या कोपऱ्यातल्या माडाचंही विचारलं होतं. फळणाऱ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पोटॅश लागतं, ते दोन हप्त्यांत द्या: एक जूनच्या सुरुवातीला, पावसाचा जोर धरायच्या आत, दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. बुंध्याशी न टाकता दीड-दोन मीटर अंतरावर गोल आळ्यात. जुलैत मात्र लॉन, माड, फुलझाडं, कुणालाच खत नाही.

मृग-आर्द्रा म्हणजे झाडं लावायचे दिवस, पण खड्डे मेमध्येच खणून भरून ठेवलेले असावेत, आणि भरलेली माती आजूबाजूपेक्षा चार बोटं उंच. भाजी गादीवाफ्यावर, आणि वाफे उताराला आडवे. काणकोणात खोल्याची मिरची डोंगर उतारावर पावसाच्या भरवशावर होते, ती पाणी थांबत नाही म्हणूनच. सात शिरांची भेंडी, काकडी, दोडका, कारली यांच्याही बुडाशी पाणी राहता कामा नये.

याच दिवसांत मोठ्या आफ्रिकन गोगलगायी निघतात आणि एका रात्रीत झेंडूची, पपईची रोपं साफ करतात. ओलं गोणपाट पसरून त्याखाली पपईची पानं किंवा कोबीचा पाला ठेवा. पहाटे सगळ्या तिथे जमलेल्या सापडतात. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्या अंगावर माणसाला बाधणारे जंतू असू शकतात. हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचला, बादलीत मिठाच्या दाट पाण्यात बुडवा आणि मग झाडांपासून दूर खड्डा करून, चुना टाकून पुरा. ते खारं पाणी बागेत ओतू नका, सिमेंटच्या गटारात सोडा.